कान तुटलेला कप आणि ‘नीती ज्याची त्याची’

गेल्या आठवड्यात बडोद्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे बराच फिरून आलेला. तुमच्याकडेही आला असेल. पाठवणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका. निवृत्त, सज्जन माणूस, गणपतीच्या वर्गणीत कायम पहिलं नाव. मेसेजचा सारांश असा: जगात हजार समाज आणि हजार रीती, एकाचं पाप ते दुसऱ्याचं पुण्य, तेव्हा नीती ही फक्त ज्याची त्याची आवड. कायदे गावागणिक बदलतात, तशी नीतीही. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी हे केव्हाच मान्य केलंय. प्रत्येक समाज आपली नीती ठरवतो, जुन्या चालींना आजच्या चष्म्यातून पाहू नये. म्हणून कोणी कोणाला चूक म्हणू नये. आणि शेवटी, आदर मागून मिळत नाही, कमवावा लागतो. खाली जोडलेले हात तीन, गुलाब दोन.

हा मेसेज उगाच आला नव्हता. आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या, युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलीने ग्रुपवर विचारलं होतं, की जिन्याच्या कठड्यावर तुळशीच्या कुंडीमागे एक कान तुटलेला कप उपडा घातलेला असतो, तो कोणाचा? कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. काकांकडे कामाला येणाऱ्या बाईचा, इथे तिला सगळे बेन म्हणतात. घरातले सगळे कप ती विसळते, पुसून फडताळात लावते, आणि त्या कपांतून काका चहा पितात. तिचा चहा मात्र बाहेरच्या कपात, वरून धार धरून, पातेलं कपाला लागणार नाही असा. मुलीने एवढंच लिहिलं होतं, “हे मला बरोबर वाटत नाही.” त्यावर हा मेसेज.

आता एकेक मुद्दा घेते.

“एकाचं पाप ते दुसऱ्याचं पुण्य, म्हणून खरं-खोटं काही नाही.”

हा मुद्दा जुना आणि वजनदार आहे, थट्टेवारी नेण्यासारखा नाही. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सांगितलेली गोष्ट आहे. इराणच्या दारियस राजाने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने हिंदुस्थानातल्या एका जमातीच्या लोकांना विचारलं, ज्यांच्यात आईबापांचं प्रेत खाण्याची रीत होती: किती पैसे घेऊन तुम्ही बापाला जाळाल? त्यांनी कानांवर हात ठेवले, असलं अभद्र बोलू नका म्हणाले. हिरोडोटसने यातून काढलं, की सगळ्यांवर राज्य चालतं ते रिवाजाचं.

पण दारियसने तिसरा प्रश्न विचारलाच नाही. किती पैसे घेऊन बापाला उकिरड्यावर टाकाल? दोघांनीही राजाच्या अंगावर धावून जायचंच बाकी ठेवलं असतं. रीती दोन होत्या, पण दोन्हींतून करायचं एकच होतं, गेलेल्या माणसाची विटंबना होऊ द्यायची नाही. आम्ही आपली माणसं खासवाडीच्या स्मशानात नेतो, शेजारचे दफन करतात, पारशी गिधाडांच्या हवाली करत आले. डायक्लोफेनॅक नावाच्या, जनावरांना देतात त्या वेदनाशामकामुळे गिधाडं संपत आली, तेव्हा मुंबईत डुंगरवाडीवर उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. त्यावरून समाजात वाद झाले. पण वाद हा होता की यात मृताचा मान राहतो का. मान राखायचाच कशाला, असं कोणी म्हटलं नाही.

आणि ‘आवड’ हा शब्द घ्या. मला लहानपणी कारलं आवडायचं नाही, आता आवडतं. म्हणून मी काही असं म्हणत नाही, की लहानपणी माझं चुकत होतं. पण दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरीही असा एक कप होता. मोरीच्या कोनाड्यात असायचा, आणि भांडीवालीला त्यात चहा देताना मीही वरूनच ओतत असे, आईने शिकवलं तसं. त्याबद्दल मी म्हणते, माझं चुकत होतं. हे वाक्य कारल्याबद्दल बोलता येत नाही. नीती नुसती आवड असती, तर या दोन वाक्यांत फरकच उरला नसता. आणि काकांना नुसतंच ‘आवडत नाही’ म्हणायचं असतं, तर एवढा लांब मेसेज तरी कशाला पाठवला असता? आवडीसाठी कोणी युक्तिवाद करत नाही.

“कायदे बदलतात, तशी नीतीही.”

बडोद्यात हा मुद्दा दारूवरून मांडला जातो, तसाच मेसेजमध्येही होता. इथे बाटली सापडली तर पोलीस, दमणला उघड दुकान. लांब कशाला, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०२३च्या अखेरीस सूट मिळाली, म्हणजे एकाच राज्यात दोन नियम. कबूल. पण दमणहून पिऊन गाडी हाकत येणाऱ्याने वाटेत कोणाला उडवलं, तर ते हद्दीच्या अलीकडे वाईट आणि पलीकडे चांगलं, असं दमणचा दुकानदारही म्हणणार नाही. नियम ठरवलेला असतो. दुसऱ्याला इजा करू नये, हे त्या अर्थाने कोणी ठरवलेलं नाही.

हा फरक लहान मुलांनाही कळतो. एलियट ट्युरियल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७०-८०च्या दशकांत बालवाडीतल्या मुलांना विचारून पाहिलं होतं. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात ठरल्या जागी बसलं नाही तरी चालेल का? चालेल. आणि बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलं तर चालेल का? नाही, कारण त्याला लागतं.

इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीत नसावी. रिचर्ड श्वेडर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये केलेलं काम १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या ब्राह्मण कुटुंबांना अतिशय गंभीर पाप वाटलं. शिकागोतल्या लोकांना त्यात काहीच वाटलं नाही. म्हणजे ‘नुसता रिवाज’ आणि ‘खरी नीती’ यांतली रेघ सगळीकडे एकाच जागी नसते. शिवाय आपल्याकडे बाप गेला की मुलाला न्हाव्यापुढे बसवतात. तिथे भलत्या दिवशी केस कापणं पाप, इथे ठरल्या दिवशी न कापणं पाप.

पण ट्युरियलच्या बाजूने आलेलं उत्तर मला पटतं. त्या कुटुंबांना विचारा, यात वाईट काय? ते सांगतील, वडिलांच्या आत्म्याला त्रास होतो. म्हणजे मतभेद आत्म्याला काय पोचतं आणि काय नाही, यावर आहे. बापाला त्रास देऊ नये यावर भुवनेश्वर आणि शिकागो यांचं एकमत आहे. बरेचसे नैतिक मतभेद असे खरवडले की खाली वस्तुस्थितीबद्दलचा मतभेद निघतो. सगळेच नाही, हेही सांगते. गर्भपात, इच्छामरण, जनावर मारून खाणं, इथे खरवडूनही प्रश्न उरतो. पण काही गणितं सुटत नाहीत म्हणून पाढे खोटे ठरत नाहीत.

“तत्त्वज्ञांनी हे केव्हाच मान्य केलंय.”

नाही केलेलं. २०२० मध्ये फिलपेपर्स या तत्त्वज्ञानाच्या वेबसाइटने इंग्रजीत लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोक नैतिक सत्यं खरोखर असतात या बाजूला झुकले, विरुद्ध बाजूला २६ टक्क्यांच्या आसपास. बहुमताने सत्य ठरत नाही, पण ‘केव्हाच मान्य केलंय’ ही थाप आहे. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये वस्तुनिष्ठ मूल्यं नसतातच असं ठणकावून मांडलं, हे खरं. पण त्याच पुस्तकात पुढे त्याने आपण कसं वागावं यावर पानंच्या पानं लिहिली. ‘म्हणून काहीही चालतं’ असं तो म्हणाला नाही.

“समाज ठरवेल ती नीती, जुन्या गोष्टींना आजचा चष्मा लावू नका.”

हे बडोद्यात राहून म्हणणं मला जरा धाडसाचंच वाटतं.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरी करायला १९१७ मध्ये इथे आले. गावात त्यांना कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली, धर्मशाळा बाटवलीस म्हणून. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही कारण काढून टाळलं. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत बसून काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात, आणि तिथे जाणाऱ्यांत आमच्या सोसायटीचे लोकही असतात. १४ एप्रिलला ग्रुपवर अभिवादनाचा फोटो टाकणारे पुन्हा आमचे काकाच.

आता ‘समाज ठरवेल ती नीती’ हे सूत्र इथे लावून बघा. त्या दिवशी समाज कोण होता? काठ्या घेतलेली माणसं? टाळणारे मित्र? की शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव? सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. १९०४ मध्ये त्यांनी बालविवाहाला बंदी घातली. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा यायला १९२९ उजाडलं. हे सगळे एकाच गावचे, एकाच काळचे. बागेत बसलेला माणूसही त्याच समाजाचा होता, आणि हे चूक आहे हे कळायला त्याला आजच्या चष्म्याची गरज नव्हती. ‘त्या काळी ते बरोबर मानत’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘ते’मध्ये नेहमी काठीवाले धरतो. बागेत बसलेल्याला कोणी मोजत नाही.

शिवाय बहुतेकांना जे मान्य तेच बरोबर, असं धरलं, तर सक्तीचं शिक्षण आणणारा राजा चूक ठरतो. जो जो सुधारक झाला तो आपल्या काळात चूक, आणि लोकांनी ऐकल्यावर अचानक बरोबर, असं म्हणावं लागेल. मग लोकांनी ऐकायचं तरी कोणत्या कारणाने?

“म्हणून कोणी कोणाला चूक म्हणू नये.”

हा ‘नये’ कुठून आला? नीती म्हणजे आवड असेल, तर ‘चूक म्हणू नये’ हीही एक आवडच, आणि त्या मुलीची आवड चूक म्हणण्याची. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये ही गफलत नेमकी दाखवली होती: सगळं सापेक्ष म्हणायचं आणि शेवटच्या ओळीत सगळ्या जगाला लागू होणारा एक नियम घुसवायचा. आणि त्या एका वाक्याने गप्प कोण बसलं ते पाहा. कप ठेवणारे नाही, विचारणारी.

“आदर कमवावा लागतो.”

सगळ्यात जास्त टाळ्या या ओळीला मिळाल्या, आणि अर्धी ती खरीही आहे. चांगलं गाणाऱ्याबद्दल, शब्द पाळणाऱ्याबद्दल जे वाटतं ते कमवावंच लागतं. ते सगळ्यांना सारखं वाटलं तर त्याला किंमत राहणार नाही. पण मराठीत आपण ‘आदर’ एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. स्टीफन डारवॉल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये हे दोन वेगळे काढून दाखवले. एक गुण पाहून दिलेला, दुसरा समोर माणूस आहे एवढ्यावरून द्यावा लागणारा. पहिला कमीजास्त होतो. दुसरा कमवायचा नसतो, तो दिला नाही तर देणं बाकी राहतं. बेन काय मागते आहे? तिची वाहवा करा असं नाही. ती खरं तर काहीच मागत नाही. विचारलंय त्या मुलीने, आणि तेही फक्त एका कपाबद्दल.

हा दुसरा आदर काकांना चांगला कळतो, हे मला माहीत आहे. दिवाळीआधी ते एका सरकारी कचेरीत कसलासा दाखला आणायला गेले होते. खिडकीवरच्या मुलाने मान वर न करता कागद परत सरकवला आणि म्हणाला, “तारुं फॉर्म अधूरुं छे.” ‘तमारुं’ (तुमचा) नाही, ‘तारुं’ (तुझा). वयाच्या ७१व्या वर्षी, अनोळखी पोराकडून. काका दोन दिवस जेवले नाहीत धड. खाली बाकावर बसून जो भेटेल त्याला सांगत होते, “अहो, फॉर्मचं जाऊ द्या, मी माणूस आहे की नाही?” त्या पोराकडून आदर मिळवण्यासाठी आपण काय कमावलं होतं, असा हिशेब त्यांनी केला नाही, आणि ऐकणाऱ्या आम्हीही कोणी केला नाही. त्या मुलाची नीती त्याची, असंही कोणी म्हटलं नाही.

परवा जिन्यात भेटले तेव्हा मी त्यांना हे आठवून दिलं. थोडा वेळ थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, “ते वेगळं होतं हो, वहिनी.” वेगळं कसं, ते विचारायच्या आत वरून बेन बादली घेऊन उतरली, तिला वाट द्यायला आम्ही दोघं भिंतीला टेकलो.