तंबू ठोकण्याआधी पाणी कुठे जातं ते बघा

परवा रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला होते. साडेसहा वाजले असतील. शेजारच्या तंबूतला एक मुलगा रात्रीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन घोटाभर पाण्यात उतरला. तारेची घासणी, भांड्यांचा साबण, आणि पाण्यावर पसरत जाणारा तांबडा तेलकट तवंग. त्याच्या बाजूला दुसरा उभ्यानेच ब्रश करत होता, चूळही तिथेच. मी म्हटलं, "दादा, हेच पाणी आपण नाशिकमध्ये नळाला पितो." तो म्हणाला, "ताई, एवढ्या मोठ्या धरणात काय होतंय?"

तो उद्धटपणे बोलला नाही, त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच लिहिते आहे.

कॅम्पला जाताना आपण वेट वाइप्स, सॅनिटायझर, डिओ असं सगळं भरतो. स्वच्छता म्हणजे आपलं अंग, एवढंच डोक्यात असतं. त्र्यंबकपासून पेठ-सुरगाण्यापर्यंतच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका ओढ्याच्या पात्रात झिरा खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. पेठकडच्या एका पाड्यावर मी एका आजींजवळ बसले होते. झिऱ्याच्या चार हात अलीकडे त्यांनी चपला काढल्या, वाटी आधी बाहेर विसळली आणि मग आत घातली. हंडा भरायला पाऊण तास लागला. तशा पाण्याच्या वरच्या अंगाला आपण सकाळी "मोकळे" होऊन येतो. गडावरच्या टाक्यांचंही तेच. वर पिण्याचं पाणी तेवढंच, आणि लोक त्यात पाय सोडून बसतात, पोहतात.

पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, म्हणजे साधारण ऐंशी पावलं. भांडी, अंघोळ, शौच, सगळं त्याच्या पलीकडे. "ऑरगॅनिक" साबण असला तरीही, कारण तो पाण्यात नाही, मातीत कुजतो. शौचाला जाताना खुरपं घ्या, वीतभरापेक्षा किंचित कमी खोल खड्डा करा आणि नंतर माती लोटा. त्याहून खोल गेलं तर कुजवणारे जिवाणू कमी होतात. वाइप्स मात्र पुरू नका. बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते पिशवीत घालून घरी आणा.

आता हात. दोन वर्षांपूर्वी इगतपुरीकडे पैसे भरून एका कॅम्पला गेलो होतो. चाळीसेक माणसं, संडास दोन, आणि दोन्हींजवळ साबण नाही. जेवण वाढणारी मुलंही तिथूनच येत-जात होती. सोमवारी निम्म्या लोकांना जुलाब, माझ्या भाचीला सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून बुकिंग करताना मी जेवणाचा मेनू नंतर विचारते, संडासाजवळ पाणी आणि साबण आहे का ते आधी. सॅनिटायझर बरा, पण मातीने, तेलाने माखलेल्या हातांवर तो नीट चालत नाही. एका लिटरच्या बाटलीच्या झाकणाला सुई तापवून चार भोकं पाडा, बाटली झाडाला उलटी टांगा, शेजारी जुन्या मोज्यात साबणाची वडी. बाटली दाबली की बारीक धार येते आणि एका बाटलीत बऱ्याच जणांचे हात होतात.

पिण्याचं पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट उकळू द्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. अंघोळ दोन दिवस नाही झाली तर काही बिघडत नाही. ओल्या पंच्याने काखा, जांघा आणि पाय पुसा, आणि झोपताना कोरडे मोजे घाला. घामट कपड्यांत झोपलं की जांघेत नायटा ठरलेला.

बायकांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण ग्रुपवर हे कुणी बोलत नाही. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग घरी येऊन जळजळ, ताप, अँटिबायोटिक. पुरुष लीडर मंडळींनो, पोहोचल्या पोहोचल्या दोन काठ्यांना चादर बांधून आडोसा करा, कुणी मागायची वाट बघू नका. पाळी असेल तर पॅड कागदात गुंडाळून, घट्ट पिशवीत घालून परत आणायचं. शेकोटीत टाकू नका, त्यातलं प्लास्टिक नीट जळत नाही, नुसता धूर होतो. मी एक काळी, आतलं न दिसणारी पिशवी जास्तीची ठेवते, मुलींना मागायला संकोच वाटतो म्हणून.

त्या मुलाचं पातेलं शेवटी आम्ही वर आणलं. चुलीतली राख आणि पालापाचोळा लावून घासलं, साबण लागलाच नाही. धुतलेलं पाणी खड्ड्यात ओतलं. त्याने माझ्या बाटलीच्या झाकणाचा फोटो काढून घेतला.

शनिवारी आम्ही हरिहर गडाच्या पायथ्याला मुक्कामाला निघतोय. माझ्याकडे खुरपी दोन आहेत, कुणाला हवं असेल तर सांगा.