‘शेड’नं कुणाला मारलं?

ब्रिटनच्या मालगाड्यांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १९९० च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं, अमेरिकन जनरल मोटर्सची २५० क्लास ६६ डिझेल इंजिनं (‘क्लास’ म्हणजे इंजिनाचा प्रकार; याचं टोपणनाव ‘शेड’) आली आणि धडधाकट, अस्सल ब्रिटिश इंजिनं भंगारात गेली; जुनं काहीच उरलं नाही, सरकारी रेल्वेनं असं केलं नसतं. रेल्वेवेड्या माणसाला हळहळ वाटावी अशीच कहाणी आहे. फक्त ती तपशिलात टिकत नाही.

‘खासगीकरणानं अमेरिकन इंजिन आणलं.’ मुळीच नाही. फॉस्टर येओमन या खडीवाल्या कंपनीनं क्लास ५९ ची पहिली चार इंजिनं १९८६ मध्येच, रेल्वे सरकारी असताना, स्वतःच्या पैशानं आणली. सरकारी इंजिनांच्या भरवशावर सॉमरसेटच्या खाणीतली खडी वेळेवर पोचत नव्हती. म्हणून मालक खडीवाला आणि ड्रायव्हर सरकारी ब्रिटिश रेलचा, अशी वरात सुरू झाली. क्लास ६६ हा त्याच्याच पुढचा अवतार, आणि तोही बांधला कॅनडातल्या लंडन शहरात!

‘अस्सल ब्रिटिश’ म्हणाल तर कोळसा ओढणाऱ्या क्लास ५६ ची पहिली ३० इंजिनं रोमानियातल्या क्रायोव्हाची. आल्या आल्या त्यांची डागडुजी करावी लागली होती.

‘धडधाकट इंजिनं भंगारात गेली’ या दाव्यात दम आहे तो क्लास ५८ पाशी. डॉनकास्टरला १९८३ ते १९८७ मध्ये ५० इंजिनं बांधली आणि २००२ पर्यंत सगळी बाजूला काढली. पंधरा-सोळा वर्षं म्हणजे इंजिनाचं ऐन तारुण्य. पण त्यांचं काम काय होतं? खाणीतून कोळसा वीजकेंद्रात न्यायचा आणि ताशी एक किलोमीटरहूनही कमी वेगानं सरकत, न थांबता वाघिणी रिकाम्या करायच्या. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतर खाणी एकामागून एक बंद झाल्या, वीज गॅसवर होऊ लागली. जिच्यासाठी जन्म, ती नोकरीच गेली. शिवाय एका साच्याची २५० इंजिनं हाताशी असताना ५० वेगळ्या इंजिनांसाठी सुट्या भागांचं कोठार कोण सांभाळणार? गंमत म्हणजे हा आराखडा निर्यात डोळ्यांसमोर ठेवून केला होता. नवं एकही विकलं गेलं नाही. जुनी मात्र भाड्यानं नेदरलँड्स, फ्रान्स, स्पेनला गेली आणि बरीचशी तिथेच गंजली.

‘जुनं काहीच उरलं नाही’ हेही चूक. १९६० च्या दशकातली काही क्लास ३७ अजून कामावर आहेत. क्लास ५६ च्या काही सांगाड्यांत तर क्लास ६६ च्या पोटातलंच १२ सिलिंडरचं ‘७१०’ डिझेल यंत्र बसवून क्लास ६९ तयार केलं आहे. (आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनातलं १६ सिलिंडरवालं यंत्र याच घराण्यातलं. आणि हो, ‘शेड’ या टोपणनावाची मजा बघा: आपल्याकडे इंजिन शेडमध्ये जातं, तिथे इंजिनच शेड!)

उरलं ‘सरकारी रेल्वेनं असं केलं नसतं’. तिनं स्विंडनला १९६४-६५ मध्ये ५६ क्लास १४ इंजिनं बांधली, गावोगावच्या यार्डांतून वाघिणी गोळा करायला. ती यार्डंच बंद होत गेली. १९६९ पर्यंत सगळी इंजिनं काढून टाकली. ती बहुतेक विकत घेतली कोळसा खाणींनी आणि पोलाद कारखान्यांनी, आणि तिथे ती ब्रिटिश रेलपेक्षा कितीतरी जास्त वर्षं राबली.