शिकागोचा पातळ पिझ्झा : ‘कडेला पापड, मध्ये गिचका’ या प्रतिक्रियेला उत्तर

शिकागोच्या पातळ पिझ्झ्याची कृती सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबलं आहे. तुमचे आक्षेप तीन. शिकागो म्हणजे डीप डिश (खोल ताटात भाजलेला जाडजूड पिझ्झा), तेव्हा पातळ पिझ्झ्याला शिकागोचा म्हणणं ही दिशाभूल आहे. लेखातल्या मापाने केलेला पिझ्झा ‘कडेला पापड आणि मध्ये गिचका’ झाला. आणि गोल पिझ्झा चौकोनी कापणं हा चक्रमपणा आहे.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. डीप डिश १९४३ साली पिझ्झेरिया उनोमध्ये सुरू झाला आणि शिकागोला येणारा पाहुणा आजही तोच मागतो. गल्लीतल्या बारमध्ये मात्र पातळ, कुरकुरीत पिझ्झाच चालतो. त्याला तिथे टॅव्हर्न स्टाइल, म्हणजे गुत्त्याच्या पद्धतीचा, म्हणतात. ३१व्या रस्त्यावरचं ‘होम रन इन’ १९२३ पासूनचा गुत्ता, तिथे १९४७ पासून पिझ्झा मिळू लागला. दक्षिण भागात पुलास्की रोडवरचं ‘व्हिटो अँड निक्स’ याच पिझ्झ्यासाठी ओळखलं जातं. अशा ठिकाणी लोक आठवड्याच्या मधल्या वारीही येऊन बसतात. डीप डिशला ते जमत नाही, पाऊण तास थांबणार कोण?

आता खरा मुद्दा, गिचक्याचा. तुम्ही लिहिलंय की २४० मिलीमध्ये पीठ गोळा होईना म्हणून पाणी ३०० केलं, लाटलेली पोळी लगेच भाजली, ताजं मोझरेला घातलं आणि कडेला दोन बोटं जागा सोडली. या चारही गोष्टी इटलीतल्या नेपल्सच्या पिझ्झ्याला शोभतात. तिथली भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास असते आणि पिझ्झा दीड मिनिटात बाहेर येतो. तुमच्या ओव्हनला २५० अंशांवर दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ओलं पीठ भाजण्याआधी वाफवलं जातं.

पुन्हा माप सांगतो : मैदा ५०० ग्रॅम, पाणी २४० मिली, मक्याचं किंवा कुठलंही वास नसलेलं तेल ३५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, साखर ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. हे पीठ सुरुवातीला भुसभुशीतच दिसतं. पाणी घालायचा मोह तिथेच होतो. घालू नका. झाकून वीस मिनिटं ठेवा, मग मळा. आपोआप गोळा होतं. आपल्याकडच्या मैद्यात प्रथिनं कमी असतात, पण इथे ताण नकोच असल्याने ते पथ्यावरच पडतं. चार गोळे करून झाकून फ्रिजमध्ये किमान एक दिवस, जमल्यास दोन दिवस. लाटण्याआधी दोन तास बाहेर काढा, नाहीतर पोळी सारखी आक्रसते. लाटण्यानेच लाटायची, हाताने थापायची नाही : ३० सेंटिमीटर व्यास, जेमतेम २ मिलिमीटर जाडी. काट्याने सगळीकडे टोचा.

तुम्ही गाळलेली पायरी इथे येते. लाटलेली पोळी बेकिंग पेपरवर मक्याचा रवा भुरभुरून ठेवायची आणि न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये सुकवायची. (रवाच हवा, कॉर्नफ्लोअर चिकटतं.) सकाळी एकदा उलटा. एरवी पीठ उघडं राहिलं तर आपण हळहळतो, इथे तेच मुद्दाम करायचं. वरचा थर कोरडा झाला की सॉस आत मुरत नाही, फुगे कमी येतात आणि ओव्हनमध्ये गेल्या गेल्या तळ भाजायला लागतो. जाडी कमी असली म्हणजे कुरकुरीतपणा येतो असं नाही; तो या सुकवण्याने येतो.

कडा पापड झाल्या कारण त्या उघड्या होत्या. सॉस आणि चीज अगदी काठापर्यंत, फार तर अर्धा सेंटिमीटर सोडून. काठाशी वितळून करपलेलं चीज हाच या पिझ्झ्यातला सगळ्यात चविष्ट भाग. सॉस ८० ग्रॅमच, टोमॅटो चिरडून चाळणीत निथळलेला. चीज १२० ग्रॅम, कमी पाण्याच्या मोझरेलाची लादी घरी किसलेली; ताज्या मोझरेलाच्या गोळ्यातलं पाणी सगळं मध्यभागी साचतं. शिकागोत बडीशेप-लसणाचं पोर्क सॉसेज कच्चंच, सुपारीएवढे तुकडे चिमटून टाकतात. चिकन खिम्याला पाणी सुटतं, तो आधी परतून कोरडा करा.

चौकोनी कापण्याबद्दल. हा पिझ्झा बिअरबरोबर, कागदी रुमालावर, अनेकांत वाटून खायचा. पातळ पोळीचा लांब त्रिकोण टोकाशी लुळा पडतो; पाच सेंटिमीटरचा चौकोन पडत नाही. मधल्या तुकड्याला धरायला काठ नसतो ही तुमची तक्रार रास्त आहे, हात माखतात. पण कुरकुरीत काठ आवडणारा आणि चीज भरपूर हवं असणारा, दोघांचीही सोय एकाच ताटात होते. कापण्याआधी जाळीवर तीन मिनिटं ठेवा. थेट पाटावर ठेवलात तर वाफ खाली अडकते आणि केलेलं सगळं वाया जातं.

पुढच्या वेळी नुसता सॉस आणि चीज घालून करा. ओव्हनमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात जाड ट्रे उलटा ठेवून पाऊण तास तापवा आणि पिझ्झा पेपरसकट त्यावर सरकवा. चार मिनिटांनी तळ घट्ट झाला की पेपर ओढून काढा. आठव्या मिनिटाला उलथन्याने काठ उचलून बघा. तळ फिकट आणि वरचं चीज तपकिरी दिसलं तर वरची कॉइल बंद करून खालचीच चालू ठेवा.