माळ ओसाड नव्हता, सोयीचा होता

दक्षिण आफ्रिकेचे हॉटेलसम्राट सोल कर्झनर यांच्यावरचा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. गरीब निर्वासितांचा मुलगा, शिक्षण नाही, पाठबळ नाही, तरी ओसाड माळावर एकट्याने सन सिटी हे हॉटेल-कसिनोचं पर्यटनस्थळ उभारलं, जगभरचे कलाकार तिथे आणले, तेही स्वच्छ हातांनी, असा त्याचा सूर. सोबत दुबईच्या अटलांटिसचा फोटो. फोटो बरोबर आहे. २००८ मध्ये उघडलेलं ते हॉटेल त्यांच्याच कंपनीचं. बाकीचं एकेक करून बघू.

शिक्षण नाही? विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट होते ते. आईवडील लिथुआनियाकडून आलेले ज्यू, हे खरं. पण घरात छोटा का होईना, हॉटेलचाच धंदा होता. म्हणजे गल्ल्यावर बसायचं वळण लहानपणापासूनचं.

एकट्याने म्हणाल, तर १९६९ मध्ये त्यांची सदर्न सन ही साखळी उभी राहिली ती साउथ आफ्रिकन ब्रुअरीज या बड्या बिअर कंपनीच्या भागीदारीत.

आता तो ओसाड माळ. दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती. १९७७ मध्ये तिथल्या वर्णद्वेषी सरकारने बोफुथात्स्वाना नावाचा ‘स्वतंत्र देश’ कागदावर जन्माला घातला. काळ्या लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायची ती युक्ती. जगाने तिला मान्यता दिली नाही. पण या ‘परदेशात’ जुगार चालत होता, आणि जोहान्सबर्गहून गाडीने जेमतेम दोन तास. १९७९ मध्ये सन सिटी उघडली ती तिथे. सीमारेषेनेच अर्धा धंदा केला, असं माझं मत. पुढे १९९२ मध्ये शेजारीच एका लुप्त संस्कृतीची दंतकथा रचून ‘लॉस्ट सिटी’ बांधली. तिथल्या पुलावर दगडी हत्तींच्या रांगेतून चालताना पायाखाली कृत्रिम भूकंप होतो! कल्पकता अफाट होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जगभरचे कलाकार आणले म्हणतात. आणले, बक्कळ पैसे मोजून, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर संयुक्त राष्ट्रांचं बहिष्काराचं आवाहन असताना. म्हणून तर १९८५ मध्ये अमेरिकी गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट यांनी पन्नासेक कलाकार जमवून सन सिटीत न गाण्याचं गाणं काढलं.

आणि स्वच्छ हात? ट्रान्सकाय या दुसऱ्या ‘देशात’ जुगाराचा मक्ता टिकवण्यासाठी तिथले पंतप्रधान जॉर्ज मातान्झिमा यांना २० लाख रँड (दक्षिण आफ्रिकेचं चलन) दिल्याचं कर्झनर यांनी स्वतःच कबूल केलं. आपल्याकडून ते उकळले गेले, हा त्यांचा बचाव. मातान्झिमा तुरुंगात गेले. कर्झनर यांच्यावर खटला चाललाच नाही. १९९६ मध्ये ट्रान्सकायचे माजी लष्करी शासक बंटू होलोमिसा यांनी जाहीर केलं की कर्झनर यांनी ते स्वतः ज्यात होते त्या, मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस पक्षालाही निवडणुकीसाठी २० लाख रँड दिले. पक्षाने आधी कानावर हात ठेवले. मग खुद्द मंडेलांनी देणगी मिळाल्याचं मान्य केलं, बदल्यात काही दिलं नाही म्हणाले. त्याच वर्षी होलोमिसांची पक्षातून हकालपट्टी झाली.