आधी साहाय्यक, मग कोच

गोव्यात व्हॉलीबॉलचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक बाजू म्हणते, पेडे, कांपाल, नावेलीला इनडोअर स्टेडियम आहेत, 2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धाही होऊन गेल्या, पण सत्तरी-पेडण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतल्या पोरांना त्याचा काय उपयोग? दुसरी म्हणते, कोच हवा तर नॅशनल खेळलेलाच हवा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून आलेला नको. जर्मनीत राहून हे वाचताना दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण खेळाडूचा कोच होतो कसा, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आपल्याकडे तिशीत गुडघा बोलू लागला की खेळाडू थांबतो आणि पुढच्याच सोमवारी शिट्टी घेऊन मुलांसमोर उभा राहतो. इथे सोळा-सतरा वर्षांचा खेळाडू स्वतः खेळत असतानाच लहान गटावर साहाय्यक म्हणून जातो. चार मुलांचा एक कोपरा त्याच्याकडे असतो आणि मुख्य कोचची नजर त्याच्यावर. त्यानंतर कोचिंगचं सी लायसन्स: 45 मिनिटांच्या 120 तासिका, म्हणजे घड्याळाचे 90 तास, आणि परीक्षेत खऱ्या मुलांचा सराव घेऊन दाखवायचा. लायसन्स चार वर्षं चालतं. मुलांबरोबर काम करायचं तर गुन्हेगारी नोंदींचा विस्तृत सरकारी दाखलाही मागतात. आपल्याकडच्या चर्चेत हा दाखला कुठे दिसत नाही, तो मात्र आजच्या आज उचलण्यासारखा आहे.

साहाय्यकाचा हा काळ का लागतो, ते नव्या कोचचा पहिला महिना पाहिला की कळतं. चांगला स्मॅशर बाकावर उभा राहून एकेका मुलाला चेंडू मारतो, बाकीचे अकरा रांगेत. सहा सेकंदांना एक चेंडू धरला तरी पंधरा मिनिटांत दीडशे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बारा-तेरा. घाम कोचला येतो, मुलं उभीच. त्याच बारा मुलांच्या सहा जोड्या करून सहा चेंडू दिले, तर चेंडू निम्म्या वेळा खाली पडूनही प्रत्येकाचे हात पन्नास-साठ वेळा लागतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. खेळाडूच्या अंगात जे मुरलेलं असतं, ते त्याला सांगता येत नाही. अंडरहँड, म्हणजे दोन्ही हात जोडून खालून, घेताना चेंडू मुलाच्या डोक्यावरून मागे गेला की तो ओरडतो, "हात सरळ ठेव!" चूक बहुतेक वेळा पायांत असते. मूल उशिरा पोचतं, गुडघे ताठ राहतात, मग चेंडू उचलायला ते हात छातीपर्यंत झुलवतं आणि चेंडू मागे उडतो. उपाय एवढाच की चेंडू येण्याआधी थांबून उभं राहायचं, आणि त्यासाठी आधी हाताने हळू फेकलेला चेंडू द्यायचा. सर्व्हिसचंही तसंच. हात दोषी वाटतो, पण बिघडलेला असतो टॉस, म्हणजे मारण्याआधी चेंडू वर फेकणं. तो मारत्या खांद्यासमोर, हाताच्या वर अर्धा-पाऊण मीटर पुरतो. नऊ मीटरवरून पोचत नसेल तर मुलाला सहा मीटरवर आणावं. मागून जोर काढायला लावलं की खांदा वाकडा फिरायची सवय लागते, आणि ती मोडायला वर्षं जातात.

नेट हा आपला आवडता हट्ट. महिलांचं अधिकृत नेट 2.24 मीटर, पुरुषांचं 2.43, आणि बारा वर्षांची पोरं त्याखाली उभी. स्मॅश शक्यच नसतो, म्हणून पहिल्याच स्पर्शात चेंडू पलीकडे ढकलायचा खेळ तयार होतो आणि लिफ्ट, म्हणजे स्मॅशरसाठी चेंडू वर उचलून देणं, कोणी शिकतच नाही. इथे लहान वयात दोघांविरुद्ध दोघे, मग तिघे, मग चौघे, आणि शेवटी सहा. गावच्या मैदानावर हे दोरीने जमतं. अठरा मीटरच्या कोर्टाच्या मधोमध लांबीच्या दिशेने दोन मीटर उंचीवर दोरी बांधली की साडेचार मीटर रुंदीची चार छोटी कोर्टं होतात आणि सोळा मुलं एकाच वेळी खेळतात. दोरी मध्ये झोळते, म्हणून नवव्या मीटरवर बांबूचा आधार द्यावा आणि त्याला जुनी गादी गुंडाळावी. दोरीला कापडाच्या पट्ट्या लावाव्या, नाहीतर संध्याकाळी ती दिसतच नाही.

चेंडूची हवा हा तर कोणाच्या खिजगणतीतही नसलेला विषय. नियमात 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेचार पीएसआय. टायरवाल्याकडे भरलेला चेंडू याच्या दुप्पट कडक होऊ शकतो. मनगटं लाल होतात, मूल चेंडू आला की तोंड फिरवतं, आणि आपण म्हणतो, पोरगं भित्रं आहे. दाब मोजायचा छोटा गेज घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना शक्य असेल तर हलका, दोनशे ग्रॅमच्या आसपासचा चेंडू द्यावा. नेहमीचा 260 ते 280 ग्रॅमचा असतो.

उंच मुलाला बाराव्या वर्षीच स्मॅशर ठरवणं हीही घाई. त्याची उंची तिथेच थांबली तर त्याला ना लिफ्ट येते ना रिसिव्ह. चौदापर्यंत सगळ्यांनी सगळ्या जागी खेळावं. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखू लागलं तर उड्या कमी करायच्या. सिमेंटच्या कोर्टवर हे लवकर दिसतं आणि "आळस करतो" म्हणून दुर्लक्षही होतं.

आता इथलं कौतुक पुरे. जर्मन मुलाला आठवड्यातून दोनदा दीड तास हॉल मिळतो आणि उन्हाळी सुट्टीत तोही बऱ्याच ठिकाणी बंद. आपली मुलं जानेवारी ते मेपर्यंत रोज संध्याकाळी मैदानावर असतात, दहा वर्षांचा सतरावाल्यांबरोबर, फी नाही, फॉर्म नाही. हे इथे पैसे देऊनही मिळत नाही. इथला बहुतेक कोच नोकरी सांभाळून जवळजवळ फुकट राबतो. करमाफ मानधनाची सोय आहे, पण पोट त्यावर भरत नाही. त्यामुळे कोचांची टंचाई इथेही आहे. फरक एवढाच की एक गेला तर बाजूला उभा राहून शिकलेला दुसरा असतो.

म्हणून नवं स्टेडियम मागण्याआधी वाड्यावरच्या क्लबांनी दोन गोष्टी मागाव्यात असं माझं मत. एक, जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असताना जवळच्या हायस्कूलचा हॉल आठवड्यातून दोन संध्याकाळी. दुसरी जास्त वादग्रस्त आहे. गोवा बोर्डाच्या परीक्षेत खेळासाठी गुण मिळतात, ते खेळल्याबद्दल. लहान गटाचा साहाय्यक म्हणून वर्षभर हजेरी लावणाऱ्या, सामन्यात पंच किंवा स्कोअरर म्हणून बसणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलालाही ते मिळावेत. इथल्या मुलांच्या स्पर्धांत ज्या संघाचा सामना नसतो, तोच पंचगिरी करतो आणि शिट्टी तेरा-चौदा वर्षांच्या हातात असते. खोट्या हजेऱ्या लागतील, हा आक्षेप येईलच, आणि तो खरा आहे. पण खोट्या हजेऱ्या खेळाच्या गुणांतही लागू शकतात. तपासणी दोन्हीकडे लागेल. हजेरीपत्रकावर मुख्य कोचची सही आणि वर्षातून दोनदा क्रीडाशिक्षकाने न सांगता मैदानावर येऊन पाहणं, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.