सिंगरची मोटार, सिंगरचं मशीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

एकाच नावाच्या वेगवेगळ्या कंपन्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन मुद्दे मांडलेत. सिंगर ही जुनी इंग्रजी मोटार शिलाई मशीनवाल्यांचीच असणार, कारण मशीनवाला आयझॅक सिंगर अखेरीस इंग्लंडातच होता; इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहराचा सायकलधंदा शिलाई मशीनच्या कारखान्यातूनच निघाला; आणि ‘ट्रायम्फ मोटारसायकल व ट्रायम्फ टाइपरायटर यांचा काही संबंध नाही’ हे माझं वाक्य चूक आहे. तिसरा मुद्दा बिनशर्त मान्य. पहिल्या दोन्हींतली माहिती खरी आहे, निष्कर्ष तेवढा घसरलाय.

आयझॅक मेरिट सिंगर अमेरिकन, जन्म १८११. मशीनचं पेटंट १८५१ चं. उतारवयात त्याने इंग्लंडात डेव्हनमध्ये बंगला बांधला आणि १८७५ मध्ये तिथेच वारला. मोटारवाला सिंगर म्हणजे जॉर्ज, १८४७ मध्ये डॉर्सेटला जन्मलेला इंग्रज. दोघांत सामाईक काय, तर आडनाव.

गोंधळाचं मूळ तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात आहे. कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि जोसाया टर्नर यांची शिलाई मशीनची कंपनी होती. १८६९ मध्ये पॅरिसहून सायकलींचं काम आलं तेव्हा तिचं नाव बदलून ‘कॉव्हेंट्री मशिनिस्ट्स’ झालं. जॉर्ज सिंगर तिथे फोरमन होता. पुढे बाहेर पडून त्याने स्वतःच्या नावाने सायकली काढल्या, १९०५ पासून चारचाकी मोटारी. म्हणजे शिलाई मशीनचा धागा आहे, पण तो भलत्याच कंपनीचा! (त्याच्या कामगारांचा ‘सिंगर्स’ फुटबॉल क्लब १८९८ पासून ‘कॉव्हेंट्री सिटी’ झाला. स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकचं ‘सिंगर’ रेल्वे स्टेशन मात्र मशीनवाल्यांचं.)

‘शिलाई मशीन कंपनीची दुर्मिळ सायकल’ अशी जाहिरात दिसली, तर विकणाऱ्याकडून पुढच्या नळीवरच्या बिल्ल्याचा जवळून फोटो मागवा. मशीनवाल्यांच्या चिन्हात मोठा एस, धोटा आणि एकमेकींवर आडव्या सुया असतात. आणि हातात सिंगरचं शिलाई मशीनच असेल, तर ते कुठल्या कारखान्याचं हे नंबरावरून कळतं; तो बैठकीवर उजव्या हाताला ठोकलेला असतो. १९०० च्या आधी नुसते आकडे, नंतर पुढे अक्षर: वाय म्हणजे क्लाइडबँक, सी म्हणजे जर्मनीतलं विटेनबर्गे. १९३५ पासून क्लाइडबँकच्या नंबरांत ई ने सुरू होणारी दोन अक्षरं दिसतात. नंबरात तेल-धूळ बसलेली असते, आणि तीन-आठची गफलत तिथेच होते. रॉकेलच्या बोळ्याने पुसा. घासकागद लावलात तर आकडेच झिजतील.

मोटारीतही अशीच एक गंमत आहे. १९५६ मध्ये सिंगर मोटर्स रूट्स या ब्रिटिश मोटार समूहात गेली आणि त्याच वर्षी सिंगर गझेल ही गाडी आली. ही मुळात त्याच समूहाच्या हिलमन मिंक्स गाडीची बॉडी. पत्र्याचे बरेच भाग मिंक्सचे चालतात, म्हणून लोक इंजिनाचं सामानही डोळे मिटून मिंक्सचं मागवतात आणि फसतात. सुरुवातीच्या गझेलला सिंगरचं स्वतःचं १४९७ सीसी इंजिन आहे, कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) हेडवर. १९५८ पासून रूट्सचं १४९४ सीसी पुशरॉड इंजिन आलं, म्हणजे कॅमशाफ्ट खाली आणि झडपा लांब काड्यांनी हलणारं. सीसीत फरक तीनचा, पण हेड गॅस्केट एकमेकांना बसत नाही. ऑर्डरच्या आधी बॉनेट उघडून कॅमशाफ्ट वर आहे का ते पाहा. गाडीच्या कागदावरच्या वर्षावर विसंबू नका, कारण इंजिन मधल्या काळात बदललेलंही असू शकतं.

आता ट्रायम्फ. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फचा संस्थापक सिगफ्रीड बेटमान मूळचा न्यूरेंबर्गचा, आणि त्याच कंपनीने १८९६ मध्ये न्यूरेंबर्गला शाखा काढली. तिथे १९०९ पासून टाइपरायटर बनू लागले. १९२९ च्या सुमारास दोन्ही घरं वेगळी झाली. म्हणजे हे सख्खे भाऊ, नंतर विभक्त झालेले. मूळ लेखातलं वाक्य आजच दुरुस्त करतो. ट्रायम्फ अंतर्वस्त्रांची कंपनी वेगळी, हे लेखात लिहिलेलं मात्र तसंच ठेवतोय. ती कंपनी १८८६ ची, जर्मनीतल्याच हॉयबाख गावची, आणि तिचा या दोघांशी कधीच संबंध नव्हता.