मॉनिटरिंग ‘फक्त बघतं’ म्हणून सर्व्हर उघडा टाकू नका

लिनक्स सर्व्हरवर ५ मिनिटांत नेटवर्क मॉनिटरिंग कसं बसवायचं, असा एक मजकूर ग्रुपांमधून फिरतोय. त्यातल्या सूचना थोडक्यात अशा: फायरवॉल बंद करा, एसईलिनक्स (कुठल्या प्रोग्रामने काय करावं यावर बंधन घालणारी लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था) बंद करा, सगळ्या यंत्रांवर एसएनएमपीची (यंत्रांची स्थिती दुरून विचारायची पद्धत) कम्युनिटी, म्हणजे त्यासाठीचा परवलीचा शब्द, ‘पब्लिक’ ठेवा, एजंट (यंत्रावर बसून माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी खात्यावर, चालवा, डॅशबोर्ड बाहेरून उघडेल असा ठेवा आणि एकदा चालू झालं की विसरून जा. या सगळ्याला कारण एकच दिलंय: मॉनिटरिंग फक्त बघतं, काही बदलत नाही, त्यामुळे धोका नाही. माझ्या भाच्याची ही पहिलीच नोकरी. टीममधल्या कोणीतरी त्याला हा मजकूर दिला, आणि ‘मामा, बरोबर आहे ना हे?’ म्हणून त्याने मला पाठवला. तोवर पहिल्या दोन सूचना त्याने अमलात आणल्या होत्या. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ते कारणच घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मॉनिटरिंग सर्व्हरकडे काय काय असतं ते बघा. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राचा पत्ता, त्यावर काय चालतं, कुठल्या आवृत्तीचं चालतं. डेटाबेस तपासायचा तर डेटाबेसचा पासवर्ड त्याच्याकडे. नेटवर्क स्विच तपासायचा तर स्विचची कम्युनिटी त्याच्याकडे. एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) तपासण्या होत असतील तर ती कीसुद्धा. शिवाय बाकीच्या फायरवॉलमध्ये त्याला सगळीकडे जायची मुभा दिलेली असते. घुसखोराला जे शोधायला दिवसच्या दिवस चाचपडावं लागलं असतं, ते इथे एका जागी गोळा केलेलं मिळतं. नेटवर्कमधलं सगळ्यात बंदिस्त यंत्र हेच असायला हवं. हा मजकूर नेमकं तेच सगळ्यात उघडं ठेवायला सांगतो.

उदाहरण हवं असेल तर कॅक्टीचं घ्या. ग्राफ काढणारं हे जुनं, भरपूर वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर. डिसेंबर २०२२ मध्ये त्यातली सीव्हीई-२०२२-४६१६९ ही त्रुटी जाहीर झाली, तीव्रता १० पैकी ९.८. रिमोट एजंटची पीएचपी फाइल विनंती कुठल्या पत्त्यावरून आली ते पाहून आत घ्यायचं की नाही हे ठरवत होती, आणि तो पत्ता एचटीटीपी हेडरमध्ये खोटा लिहून देता येत होता. सर्व्हरचाच पत्ता लिहिला की तपासणी पार. मग विनंतीतल्या पोलर आयडीच्या (आकडे गोळा करणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक) जागी कमांड घातली की ती थेट सर्व्हरवर चालायची. ठरावीक प्रकारचा एखादा डेटा सोर्स लावलेला असावा, एवढीच अट. लॉगिन नको, पासवर्ड नको. १.२.२३ या आवृत्तीत दुरुस्ती आली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबरसुरक्षा संस्थेने ही त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत टाकली. ज्यांचा डॅशबोर्ड आतल्या नेटवर्कपुरता किंवा व्हीपीएनमागे होता, त्यांना पॅच लावायला सवड तरी होती. बाहेर उघड्या ठेवलेल्या डॅशबोर्डला ती नव्हती. झॅबिक्स हे दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरता म्हणून निर्धास्त राहू नका. नव्याने बसवलेल्या झॅबिक्सचं पहिलं लॉगिन आणि पासवर्ड त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेले आहेत, आणि ते पहिल्याच दिवशी बदला असं हा मजकूर कुठेही सांगत नाही.

आता ‘पब्लिक’. ‘नुसती वाचायची परवानगी आहे, वाचून कोण काय करणार?’ असं त्यात लिहिलंय. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि व्ही२सी या नंतरच्या आवृत्तीत कम्युनिटी हाच पासवर्ड, आणि तो तारेवरून उघड्या अक्षरांत जातो. ‘पब्लिक’ हा शब्द तर प्रत्येक स्कॅनर सगळ्यात आधी लावून बघतो. एकदा तो लागला की लिनक्स यंत्र काय सांगतं? आसपासच्या यंत्रांचे पत्ते, राउटिंग टेबल, कुठली पॅकेजं बसवलेली आहेत, कुठल्या प्रोसेस चालू आहेत. आणि प्रोसेससोबत त्या कुठल्या पॅरामीटरने सुरू केल्या तेही. कोणी बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहिला असेल, तर स्क्रिप्ट चालू असताना तो ‘नुसत्या वाचण्याने’ बाहेर जातो. डेबियनच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये एसएनएमपी फक्त त्याच यंत्रापुरतं ऐकतं आणि सिस्टमचा मोजकाच भाग दाखवतं, ते याचसाठी. पण ‘डेटा येत नाही’ म्हणून लोक पहिल्या झटक्यात तीच बंधनं काढतात. एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीचं, म्हणजे व्ही३ चं प्रमाणीकरण २००२ मध्येच झालंय. त्यात प्रत्येकाचं वेगळं खातं, ओळख पटवणं आणि कूटलेखन, तिन्ही आहे. वापरकर्ता तयार करायला नेट-एसएनएमपी या लिनक्सवरच्या एसएनएमपी सॉफ्टवेअरमध्ये आयती कमांड मिळते. एखादा जुना स्विच व्ही३ बोलतच नसेल तर नाइलाज आहे. तिथे कम्युनिटी बदला आणि फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्याला परवानगी द्या.

फायरवॉलच्या सूचनेवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. झॅबिक्सचा एजंट १०,०५० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, सर्व्हर १०,०५१ वर, एसएनएमपी यूडीपीच्या १६१ वर. जे वापरता तेवढंच, आणि जिथून वापरता त्या पत्त्यापुरतंच उघडा. दोन-तीन नियमांचं काम आहे. तेवढ्यासाठी पूर्ण फायरवॉल बंद करायला सांगणाऱ्याने स्वतः ती कधी नीट वाचलेली नाही, असंच मी म्हणेन.

एसईलिनक्सच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. तो अडवतो हे खरं आहे. रेड हॅटच्या कुळातल्या डिस्ट्रिब्युशनवर झॅबिक्स बसवलं की सगळं नीट चालू असूनही डॅशबोर्डवर ‘सर्व्हर चालू नाही’ असा संदेश येतो, आणि एसईलिनक्स बंद केल्याबरोबर तो संदेश जातो. त्यामुळे ही सूचना पसरते, कारण ती लगेच काम करते. पण वेब सर्व्हरला झॅबिक्सशी बोलू देणारा तयार चालू-बंद पर्याय एसईलिनक्समध्येच आहे. नाव ‘एचटीटीपीडी कॅन कनेक्ट झॅबिक्स’, शब्दांमध्ये अंडरस्कोर. सेटसेबूल या कमांडने तो चालू करायचा, रीबूटनंतरही टिकावा म्हणून मोठ्या पीचा पर्याय द्यायचा. आणखी काही अडत असेल तर ऑडिट लॉगमध्ये नावानिशी दिसतं.

एजंट रूट म्हणून चालवायचा मुद्दा तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच खोडलाय. झॅबिक्सचा एजंट रूटने सुरू केला तरी तो आपणहून साध्या ‘झॅबिक्स’ वापरकर्त्यावर उतरतो. रूट राहू द्यायचा तर कॉन्फिगरेशनमध्ये मुद्दाम लिहावं लागतं. नेटवर्कवरून जाणारी डेटाची पॅकेट पकडायला जादा अधिकार लागतात हे कबूल, पण लिनक्समध्ये ते सुटे देता येतात. वायरशार्क या पॅकेट तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पकडण्याचं काम डम्पकॅप हा छोटा प्रोग्राम करतो. सेटकॅप या कमांडने फक्त त्याला हवे ते अधिकार द्या, बाकी सगळं साध्या खात्यावर चालू दे.

‘चालू झालं की विसरून जा’ हेही चूक, आणि इथे तर सुरक्षा बाजूला ठेवली तरी चूक. इंटरफेसवरून किती बाइट गेले हे मोजणारा एसएनएमपीचा जुना काउंटर ३२ बिटांचा आहे. १ गिगाबिटची लिंक पूर्ण भरलेली असेल तर तो साधारण ३४ सेकंदांत शून्यावर येतो. तुम्ही दर ५ मिनिटांनी वाचत असाल तर मध्ये तो किती वेळा फिरला हे कळायला मार्ग नाही, आणि ग्राफ मात्र छान दिसत राहतो. ६४ बिटांचे काउंटर वापरायला हवेत, आणि ते पहिल्या आवृत्तीच्या एसएनएमपीत मिळतच नाहीत. ग्राफ येतोय म्हणजे आकडा बरोबर आहे असं नाही. एखाद्या लिंकवर ठरावीक आकाराची फाइल पाठवून ग्राफशी ताडून बघा. आणि ज्या यंत्रावर लक्ष ठेवायचं त्याच यंत्रावर मॉनिटरिंग ठेवू नका. ते पडलं तर अलर्ट पाठवायला कोणी उरत नाही.

५ मिनिटांत होतं, हा दावा तेवढा अर्धा खरा आहे. अधिकृत रिपॉझिटरीतून पॅकेज बसवायला खरंच फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो कोणाला काय दिसावं हे ठरवायला, आणि तोच यांनी गाळलाय.

ज्यांनी हे आधीच करून टाकलंय त्यांनी आधी फायरवॉल चालू करावी. दुरून काम करत असाल तर त्याआधी एसएसएचचा नियम घाला, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. मग एसएस कमांडने कुठले पोर्ट सगळ्या पत्त्यांवर ऐकतायत ते बघा आणि नको ते बंद करा. कम्युनिटी बदला, डॅशबोर्डचा पासवर्ड बदला, कमांडच्या ओळीत लिहिलेले पासवर्डही बदला. ते कोणी वाचले नसतील असं धरून चालू नका. एसईलिनक्स मात्र थेट एन्फोर्सिंगवर (नियम मोडणारं प्रत्यक्ष अडवणारी अवस्था) नेऊ नका. बंद असताना तयार झालेल्या फाइलींना लेबल नसतात, आणि यंत्र नीट बूट न होण्याची शक्यता असते. आधी परमिसिव्ह (न अडवता फक्त नोंद करणारी अवस्था) करा, सगळ्यात वरच्या (‘/’) डिरेक्टरीत ‘ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवा, नावाच्या सुरुवातीला टिंब हवं. रीबूट करून लेबलिंग पूर्ण होऊ द्या, ऑडिट लॉग वाचा, मगच एन्फोर्सिंग.